जागतिक बँकेत भारताचा हिस्सा आणि आपल्या गावातला बोर्ड

पूर्णाकाठ (धागाकर्ता), ता. दर्यापूर

खारपाणपट्ट्यातल्या कोणत्याही गावात जा, शेततळ्याच्या पाळीवर बोर्ड दिसेल. योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव, खर्च, आणि ठळक अक्षरात ‘जागतिक बँक अर्थसहाय्यित’. एवढ्यावरून गावोगाव पक्का समज झाला आहे की बाहेरच्या कोणाला तरी दया आली आणि त्याने पैसा दिला. ग्रामसभेत समितीच्या कामाचा हिशोब मागितला की उत्तर ठरलेलं: ‘पैसा काय तुझ्या घरचा आहे? जागतिक बँकेचा आहे तो.’ विचारणारा मुकाट्याने खाली बसतो.

मला या उत्तराची चीड आहे. म्हणून हा धागा.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा. २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर मंजूर केले. एकूण खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये. त्यातले ७० टक्के बँकेचे, ३० टक्के राज्याचे. १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं, त्यात आपले अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा. त्यातच पूर्णेच्या खोऱ्यातली ९३२ खारपाण गावं धरलेली. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, पिकाला देता येत नाही, जमीन मारते. पावसाचं पाणी शेततळ्यात साठवून हरभऱ्याला एक-दोन ओलित मिळालं तर वर्ष निघतं. त्यामुळे प्रकल्पाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण ते ७० टक्के कर्ज आहे. आपल्या खात्यात अनुदान म्हणून जे येतं ते सरकारच्या खात्यावर कर्ज म्हणून चढतं. डॉलरमध्ये घेतलेलं, डॉलरमध्येच व्याजासकट फेडायचं. ही एक बाजू. दुसरी बाजू आपल्याला कोणी सांगतच नाही: ज्या बँकेने कर्ज दिलं तिच्यात भारत सरकारचे शेअर आहेत, आणि ते अगदी सुरुवातीपासून आहेत.

सोसायटीचं पीककर्ज उचलणाऱ्याला हे लगेच समजेल. कर्ज देताना सोसायटी भागाची रक्कम कापून घेते, म्हणून आपण एकाच वेळी तिचे देणेकरी असतो आणि सभासदही असतो. आमसभेत उभं राहून सचिवाला विचारायचा हक्क त्या भागातून येतो. जागतिक बँकेत भारत असाच दोन्हीकडे आहे. फरक मताचा. सोसायटीत पाच एकरवाल्याला आणि पन्नास एकरवाल्याला एकेकच मत. तिथे ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त.

१९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जी परिषद झाली तिथे ही बँक ठरली. भारत तेव्हा गुलाम होता, तरी भारताचं शिष्टमंडळ तिथे होतं. नेतृत्व इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन यांचं, पण सोबत आपले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. भारताच्या नावावर ४० कोटी डॉलरचं भांडवल लिहिलं गेलं. अमेरिका, ब्रिटन, चीन, फ्रान्स आणि मग भारत. यादीत भारताच्या वर असलेला सोव्हिएत रशिया तेव्हा बँकेत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाच भागधारकांत बसला आणि संचालक मंडळावर स्वतःचा माणूस नेमायचा हक्क मिळाला.

आज भारताची मतं तीन टक्क्यांच्या आसपास आहेत. अमेरिकेची पंधरा टक्क्यांहून थोडी जास्त. बँकेच्या घटनेत बदल करायचा तर ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे अमेरिका एकटी नाही म्हणाली की विषय संपला.

आता माझा प्रश्न. हे तीन टक्के कोणाचे? केंद्राच्या बजेटमधून गेलेल्या पैशाचे, म्हणजे तुमच्या माझ्या करातले. मग या तीन टक्क्यांचं काय होतं, आपल्या वतीने तिथे कोण बोलतं, आणि आपल्याच गावात येणाऱ्या कर्जावर मत देताना ते आपल्याला विचारतात का? जाणकारांनी लिहावं.

वावरवाला, अकोट

भाऊ, लिहलं ते सबन खरं हाय. पन मले एक सांगा. भाग आपले हायेत तर आपल्याले भेटते काय? सोसायटीत भागावर लाभांश तरी लागते. इथं इतक्या वर्साचा लाभांश कुठी गेला?

जमाखर्च, यवतमाळ

कोषागारात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. बाह्य साहाय्याच्या प्रकल्पांचे हिशोब बरीच वर्षं हाताखालून गेले, म्हणून लिहितो.

वावरवाला, प्रश्न अगदी नेमका आहे. जागतिक बँकेने भागधारक देशांना आजवर कधीच लाभांश वाटलेला नाही. नफा होतो, पण तो राखीव निधीत जातो आणि त्यातला काही भाग आयडीए नावाच्या संस्थेला जातो. आयडीए म्हणजे बँकेचंच दुसरं अंग, गरीब देशांना जवळपास बिनव्याजी आणि लांब मुदतीचं कर्ज देणारं. भारताने अनेक दशकं तिथून भरपूर पैसा घेतला. आपला लाभांश म्हणायचा तर तो या स्वस्त कर्जातून आला. पण देशाचं दरडोई उत्पन्न वाढलं आणि २०१४ मध्ये भारत त्या यादीतून बाहेर पडला. पुढची तीन वर्षं थोडी सवलत मिळाली, नंतर तीही संपली. आता भारत आयडीएला उलट देणगी देतो. म्हणून २०१८ चा पोकरा आयडीएचा नाही, आयबीआरडीचा आहे. आयबीआरडी म्हणजे मूळ बँक, आणि तिचं व्याज जागतिक बाजाराच्या दराला बांधलेलं असतं. २०२२ नंतर अमेरिकेत व्याजदर चढले तसे अशा कर्जांचेही चढले.

भांडवलाचंही समजून घ्या. शेअर शंभर डॉलरचा असला तरी शंभर डॉलर भरलेले नसतात. सुरुवातीला नियम असा होता की २० टक्के भरायचे. त्यातले २ सोन्यात किंवा डॉलरमध्ये आणि १८ स्वतःच्या चलनात. उरलेले ८० ‘बँक अडचणीत आली तर देऊ’ म्हणून हमी. पुढच्या भांडवलवाढींत भरायचा हिस्सा आणखी कमी होत गेला. आज सगळ्या देशांचं मिळून पाहिलं तर शंभरात सहा-सात डॉलरच रोख आलेले आहेत. उरलेल्या हमीच्या जोरावर बँकेला सर्वोच्च पत मिळते, ती रोखे काढून स्वस्तात पैसा उभा करते आणि तोच आपल्याला कर्जाने देते. ती हमी वसूल करायची वेळ आजपर्यंत कधीच आली नाही.

म्हणजे पोकराच्या शेततळ्यातला पैसा मुळात अमेरिकेच्या किंवा जपानच्या तिजोरीतला नाही. तो रोखे विकत घेणाऱ्यांचा आहे, आणि त्या रोख्यांमागे जी हमी उभी आहे तिच्यात भारताची सही आहे. ‘गोऱ्यांनी दिला’ हे म्हणूनच चुकीचं.

एक जुनी गोष्ट. बँकेने भारताला दिलेलं पहिलं कर्ज १९४९ चं, रेल्वे इंजिनांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचं. दुसरं लगेच त्याच वर्षी, शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं. ते कशासाठी, तर मध्य भारतात ज्या जमिनी कांस गवत माजून पडीक झाल्या होत्या त्या मोठ्या ट्रॅक्टरने खोल नांगरून लागवडीखाली आणायला. कांसाची मुळी किती खोल जाते हे इथल्या कोणाला सांगायला नको. तेव्हा वऱ्हाड आणि नागपूरचा भाग मध्यप्रांतातच होता.

सावली, जि. वर्धा

जमाखर्च काका, छान समजावलंत. मी गावात बचत गटांचं काम करते. आमच्याकडे माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, तेजस्विनी कार्यक्रम होता, त्यात ‘इफाड’चं नाव कायम ऐकायचो. प्रशिक्षणात कोणी तरी मॅडम सांगायच्या, रोमहून पैसा येतो. तेही असंच कर्ज होतं का? त्यातही आपला हिस्सा आहे का? गटातल्या बायांना मी आजवर सांगत आले की ती मदत होती.

जमाखर्च

सावलीताई, इफाड ही संयुक्त राष्ट्रांची शेतीसाठीची वित्तसंस्था, १९७७ ची, मुख्यालय रोमला. भारत संस्थापक सभासद आहे, पैसा घालणाराही आणि कर्ज घेणाराही. तेजस्विनी कर्जावरच चालला. आपल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत २००९ नंतर जो कृषी समृद्धी प्रकल्प आला, त्यातही इफाडचं कर्ज होतं.

बायांना जरूर सांगा, आणि हेही सांगा की कर्ज असणं वाईट नाही. बचत गट स्वतः कर्जावरच उभा राहतो. कर्ज कोणी घेतलं, कशासाठी घेतलं आणि फेडणार कोण, हे घेणाऱ्याला माहीत असावं, एवढंच.

पूर्णाकाठ

फेडणार कोण, यावर जरा सविस्तर लिहा काका. केंद्राने घेतलं तर केंद्र फेडेल, राज्याला काय, असं आमच्याकडचे शिकलेले लोकही म्हणतात.

जमाखर्च

राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्याला फक्त देशातच कर्ज काढता येतं. त्यामुळे करारात कर्जदार भारत सरकार असतं आणि केंद्र ते पुढे राज्याला देतं. पूर्वी केंद्र अशी रक्कम राज्याला ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान अशी द्यायचं, आणि डॉलर वधारला तर तो तोटा केंद्र सोसायचं. बाराव्या वित्त आयोगानंतर, २००५ पासून, हे बदललं. आता महाराष्ट्रासारख्या राज्याला बाहेरचं कर्ज आहे त्याच अटींवर पुढे दिलं जातं. व्याज तेच, मुदत तीच, आणि डॉलरचा चढउतार राज्याच्या माथी.

त्याचा अर्थ आकड्यात बघा. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. २०२४ मध्ये ८४ च्या घरात गेला. त्या वेळी उचललेल्या शंभर डॉलरचे गावात ६,५०० रुपये आले, आणि ८४ च्या दराने मुद्दल परत करायचं म्हटलं तर ८,४०० लागतील. व्याज वेगळं. सगळं कर्ज एकाच दिवशी उचललेलं नसतं, हप्त्याहप्त्याने येतं, आणि डॉलर कर्जाचं व्याज रुपया कर्जापेक्षा बरेचदा कमी असतं, म्हणून सरळ तोटाच झाला असं म्हणता येणार नाही. पण हा धोका मुंबईच्या तिजोरीवर आहे, म्हणजे आपल्यावर आहे.

पैसा यायची वाटही उलटी आहे. बहुतेक लोकांना वाटतं बँकेकडून पैसा येतो आणि मग खर्च होतो. खरं म्हणजे राज्य आधी आपल्या बजेटमधून खर्च करतं. मग खर्चाचा दावा दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या साहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकाकडे जातो. तिथून बँकेकडे. बँक डॉलर देते, ते रिझर्व्ह बँकेत जमा होतात, आणि त्याचे रुपये केंद्राकडून राज्याला मिळतात. म्हणजे तिजोरीत त्या महिन्यात रक्कम नसेल तर जागतिक बँकेत डॉलर पडून असले तरी तुमचं बिल थांबतं.

वावरवाला

आता समजलं. मी एका योजनेत ठिबक टाकलं होतं. दुकानदाराले पैसे उसने काढून देल्ले, बिल चढवलं, मोका तपासनी झाली, फोटो झाले. अनुदान येता येता दुसरी पऱ्हाटी लागली. ऑफिसात विचारलं तर एकच उत्तर, ‘वरून निधी नाही.’ वरून म्हंजे कुठून, हे कोनीच सांगे ना. मले वाटे अमेरिकेतून नाही.

व्याज मी भरलं तीन रुपये शेकड्यानं. ते कोन्या हिशोबात धरते?

सावली

कोणत्याच हिशोबात धरत नाहीत दादा. आमच्या गटातून त्या काळात बायांनी जे उचललं ते बरंचसं यासाठीच. घरधन्याचं अनुदान यायचं आहे, तोवर दुकानदाराचं भागवायचं. ‘आधी स्वतः खर्च करा, मग परत मिळेल’ या अटीत ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तोच टिकतो. दोन एकरवाली विधवा बाई त्या अर्जाच्या वाटेलाच जात नाही.

सातपुडा, धारणी

चर्चा चांगली चालली आहे, पण मालकी मालकी म्हणून फार हुरळून जाऊ नका. आपल्या सरकारचे शेअर आहेत म्हणजे ते मत आपल्या बाजूने पडेलच असं नाही.

सरदार सरोवर आठवा. १९८५ मध्ये जागतिक बँकेने त्या धरणाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडणार होती, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली, तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. आदिवासी लढले. बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती, आणि तिने १९९२ मध्ये स्पष्ट लिहिलं की पुनर्वसन नीट झालेलं नाही आणि बँकेने माघार घ्यावी. विषय संचालक मंडळापुढे आला तेव्हा काही श्रीमंत देशांचे प्रतिनिधी कर्ज थांबवा म्हणत होते आणि भारताचा प्रतिनिधी चालू ठेवा म्हणत होता. आपले शेअर, आपल्या पैशाने घेतलेले, आणि ते मत आपल्याच माणसांना बुडवायच्या बाजूने. शेवटी १९९३ च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. धरण थांबलं नाही, ते आपल्याच पैशाने पुढे गेलं.

मेळघाटात बसून मला मालकी हा शब्द ऐकला की आधी हे आठवतं. दिल्लीत बसलेल्याला मालक म्हणायचं की आपल्याला?

पूर्णाकाठ

सातपुडा, तुमची वेदना खरी आहे आणि तुम्ही सांगितलेलं सगळं मान्य. पण मी मालकी म्हणतो ती याच कारणाने. ते मत देणारा माणूस भारताच्या अर्थमंत्र्याला जबाबदार असतो, अर्थमंत्री बँकेच्या गव्हर्नर मंडळावर भारतातर्फे असतात, आणि ते संसदेला जबाबदार असतात. आपला खासदार तिथे बसतो. ही साखळी आपण एकदाही ओढून पाहिली नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ; इतके खासदार आपण पाठवले, पण ‘जागतिक बँकेच्या बैठकीत आमच्या प्रकल्पावर भारत काय म्हणाला’ हा प्रश्न एकालाही कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. जिल्ह्याची सभा असो की प्रचार, विषय कापसाचा भाव आणि रस्ता. ते हवेतच. पण या कर्जाची फेड आपली नातवंडं करणार आहेत.

सातपुडा

त्या लढ्यातून एक गोष्ट मिळाली, तीही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. १९९३ मध्येच बँकेने तपासणी मंडळ, इन्स्पेक्शन पॅनेल, सुरू केलं. प्रकल्पामुळे नुकसान झालेले किंवा होऊ शकणारे दोन किंवा जास्त लोक मिळून तिथे थेट तक्रार करू शकतात. सरकारमार्फत जायची गरज नाही, तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. आधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे विषय मांडलेला असावा लागतो.

आणि मुंद्र्याचं प्रकरण. कच्छमधल्या कोळशाच्या वीजप्रकल्पाला बँकेच्याच आयएफसी या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या, संस्थेने कर्ज दिलं. मच्छीमार आणि शेतकरी शेवटी अमेरिकेच्या कोर्टात गेले. संस्थेचं म्हणणं, आम्हाला कोर्टात खेचताच येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की अशी सरसकट मुभा नाही. पुढे खालच्या कोर्टात तो दावा टिकला नाही, पण ती भिंत तरी पडली. आयएफसीतही भारताचे शेअर आहेत, हे लक्षात ठेवा.

अर्थशास्त्र_पुसद

कॉलेजात शिकवतो. इथे फक्त जागतिक बँकेवर चर्चा चालली आहे, पण भारताचा वजनदार हिस्सा आता दुसऱ्या बँकांत आहे.

मनिलाची आशियाई विकास बँक, १९६६ पासून. जपान आणि अमेरिका प्रत्येकी साडेपंधरा टक्क्यांच्या वर, चीन साडेसहाच्या जवळ, आणि त्याला लागून सव्वासहा टक्क्यांवर भारत. चौथा क्रमांक. गंमत नव्हे, धोरण म्हणून सांगतो: भारताने पहिली वीस वर्षं तिथून कर्जच घेतलं नाही, १९८६ पासून घेऊ लागला. महाराष्ट्रातल्या ग्रामीण रस्त्यांना आणि फळभाज्यांच्या मॅग्नेट प्रकल्पाला तिचं कर्ज आहे.

बीजिंगची एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक, २०१६ मध्ये सुरू झाली. भांडवल १०० अब्ज डॉलर. भारताने सुमारे ८.४ अब्ज डॉलरचे शेअर घेतले, त्यातले २० टक्के रोख भरायचे. चीननंतर दुसरा मोठा भागधारक भारत, मतं साडेसात टक्क्यांच्या आसपास. चीनकडे २६ टक्क्यांहून जास्त, आणि मोठ्या निर्णयाला ७५ टक्के लागतात. म्हणजे जागतिक बँकेत अमेरिकेचं जे स्थान ते तिथे चीनचं. तरीही तिच्याकडून सगळ्यात जास्त कर्ज घेणारा देश भारतच आहे. २०२० च्या जूनमध्ये गलवानची चकमक झाली, आणि त्याच आठवड्यात या बँकेने कोरोनासाठी भारताला ७५ कोटी डॉलर मंजूर केले. सीमेवर काय चाललं आहे आणि बँकेत काय चाललं आहे, ही दोन वेगळी खाती ठेवता आली, कारण आपण तिथे याचक म्हणून नव्हतो. माझ्या मते हिस्सेदारीचा खरा उपयोग इथे दिसतो.

आणि शांघायची न्यू डेव्हलपमेंट बँक, ब्रिक्सची. ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांनी प्रत्येकी १० अब्ज डॉलरचे समान शेअर घेतले, त्यातले दोन अब्ज रोख, तेही हप्त्यांनी. कोणालाही नकाराधिकार नाही. पहिले अध्यक्ष भारताचे के. व्ही. कामत. समान भाग, समान मत. मोठ्या बँकांत हे एवढं एकच उदाहरण मला माहीत आहे. पुढे बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, इजिप्त आत आले, पण पाच संस्थापकांचा मिळून हिस्सा ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही अशी तरतूद आहे.

वावरवाला

सर, मंग जागतिक बँकेत आपन भाग काऊन वाढवत नाही? पैसा तं हाय म्हनते देशाकडं. जगातली मोठी अर्थव्यवस्था म्हनून टीव्हीवर रोज सांगते.

अर्थशास्त्र_पुसद

पैसे असले तरी शेअर बाजारातून उचलल्यासारखे घेता येत नाहीत. नवीन शेअर निघतात तेव्हा कोणाला किती द्यायचे हे आधीचे भागधारक ठरवतात. कोणाचा टक्का वाढला की दुसऱ्याचा कमी होतो, आणि कमी करून घ्यायला कोणी तयार नसतं. २०१० मध्ये विकसनशील देशांचा आवाज वाढवायचा म्हणून फेरवाटप झालं, तेव्हा भारत सातव्या क्रमांकावर आला. २०१८ मध्ये आणखी भांडवल वाढवलं; आयबीआरडी आणि आयएफसी मिळून १३ अब्ज डॉलर रोख. तेव्हाही भारताचा हिस्सा थोडाच हलला. अध्यक्ष आजही अमेरिका सुचवेल तोच होतो. सध्याचे अजय बंगा खडकीत जन्मलेले, पण उमेदवारी अमेरिकेची.

२०२३ मध्ये भारत जी-२० चा अध्यक्ष होता. तेव्हा भारताचे एन. के. सिंग आणि अमेरिकेचे लॉरेन्स समर्स या अर्थतज्ज्ञांच्या गटाने सांगितलं की या बँकांनी २०३० पर्यंत कर्जवाटप तिप्पट करावं. म्हणजे पुढच्या काळात आपल्याकडे असे बोर्ड वाढणार आहेत.

सातपुडा

एक भर. संचालक मंडळावर भारताचा जो प्रतिनिधी बसतो तो एकट्या भारताचा नसतो. भारत, बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका अशा चौघांची मतं तो एकगठ्ठा देतो, अर्धी इकडे अर्धी तिकडे करता येत नाहीत. खासदाराला विचारताना हे माहीत असावं, म्हणजे तो टोलवू शकणार नाही.

सावली

काका, सर, सगळं वाचलं. आता मला कामाचं सांगा. मी आमच्या बचत गटांच्या प्रभागसंघाच्या बैठकीत हे मांडणार आहे. पन्नासेक बाया असतात. त्यांना टक्के सांगून उपयोग नाही. त्यांनी नेमकं काय विचारावं आणि कोणाला?

जमाखर्च

तीन ठिकाणी विचारता येतं, आणि तिन्ही वेगवेगळ्या कामाची आहेत.

ग्रामसभेत विचारायचं ते गावच्या आराखड्याचं. पोकरात गावाचा सूक्ष्म नियोजन आराखडा होतो आणि ग्राम कृषी संजीवनी समितीत महिला सदस्य असतात. आराखड्यात काय होतं, प्रत्यक्ष काय झालं आणि कोणाचे अर्ज कोणत्या टप्प्यावर अडले, हे प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. तोंडी उत्तरावर उठू नका.

खासदाराला विचारायचं ते मताचं. त्याने लोकसभेत टाकलेला प्रश्न स्वीकारला गेला तर अर्थ मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागतं.

आणि स्वतः माहिती अधिकारात विचारायचं ते पैशाचं. या सगळ्या बँकांत भारत जे भांडवल भरतो ते केंद्राच्या बजेटमध्ये आर्थिक कार्य विभागाच्या मागणीत असतं, भांडवली खर्चात, मुख्य लेखाशीर्ष ५४६६. म्हणून अर्ज त्याच विभागाकडे करा. केंद्राच्या कार्यालयाकडेही मराठीत अर्ज चालतो, कायद्याच्या कलम ६ मध्ये त्या भागाची राजभाषा मान्य आहे. फी १० रुपये. अर्ज ५०० शब्दांच्या आत ठेवा. एक सावधगिरी: ‘बैठकीत भारताची भूमिका काय होती’ असं अर्जात घातलंत तर कलम ८ पुढे करून, परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन, सगळाच अर्ज परत पाठवतील. तो प्रश्न खासदारासाठी राखा. इथे फक्त रकमा आणि तारखा मागा. त्या नाकारता येत नाहीत.

पूर्णाकाठ

काका, मसुदा इथेच टाका ना. मी माझ्या गावाच्या नावाने पाठवतो, बाकीच्यांनी आपापल्या पत्त्याने पाठवावा. दहा तालुक्यांतून एकच अर्ज गेला तरी तिकडे कोणाच्या तरी टेबलावर वऱ्हाडाचं नाव जाईल. आणि वावरवाला, तुमच्या अनुदानाचं वेगळं मागा, प्रकल्पाच्या जिल्हा कार्यालयाकडे, अर्ज क्रमांक घालून, कोणत्या तारखेला बिल कोणाकडे गेलं ते.

वावरवाला

मागतो. अर्ज क्रमांक जपून ठेवला हाय.

जमाखर्च

घ्या मसुदा. नाव, पत्ता आणि तारीख घालून घ्या.

प्रति, केंद्रीय जन माहिती अधिकारी, आर्थिक कार्य विभाग, वित्त मंत्रालय, नवी दिल्ली. विषय: माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये माहिती मिळणेबाबत. महोदय, खालील माहिती मराठीत किंवा इंग्रजीत द्यावी. आयबीआरडी, आशियाई विकास बँक, एआयआयबी आणि न्यू डेव्हलपमेंट बँक यांत भारत सरकारने मागील पाच आर्थिक वर्षांत भागभांडवलापोटी भरलेली रक्कम, वर्षनिहाय व बँकनिहाय. या प्रत्येक बँकेत आजच्या तारखेला भारताचे एकूण शेअर, त्यांपैकी भरलेली रक्कम आणि मागणी झाल्यास द्यावयाची रक्कम. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या कर्जापोटी बँकेकडून प्राप्त झालेल्या डॉलर रकमा, प्राप्तीच्या तारखा, त्या त्या दिवशीचा विनिमय दर, आणि महाराष्ट्र शासनाला ती रक्कम वर्ग केल्याची तारीख. सदर कर्जाच्या परतफेडीचे वेळापत्रक, मुद्दल व व्याज स्वतंत्र. माहिती टपालाने पाठवावी. सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर.

वर्ग केल्याची तारीख हा मुद्दा कोणी गाळू नका. बँकेचे डॉलर कोणत्या दिवशी आले आणि त्याचे रुपये मुंबईला कोणत्या दिवशी पोचले, यातलं अंतर त्यातून निघेल, आणि वावरवाल्यांच्या बिलाची तारीख त्याच्या शेजारी ठेवता येईल. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ज्याला पहिलं येईल त्याने इथे टाकावं.